डाळिंबाच्या झाडाची साक्ष

अर्जदार: केशव बापूजी ताम्हाणे, वय चौपन्न, शिक्षण इयत्ता नववीपर्यंत, व्यवसाय अर्ज व दस्त लिहिणे, बैठक शिवाजीनगर कोर्टाच्या फाटकाबाहेर, वडाखालचे डावीकडून दुसरे टेबल.

सामनेवाले: श्रीमती हमीदा बागवान, वय एकाहत्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार खडकी बाजारामागे. हल्लीचा पत्ता अर्जदारास ठाऊक आहे, परंतु तो लिहिण्यास हात धजत नाही.

घटनेचा दिवस व वेळ: गेल्या महिन्यातील दुसरा मंगळवार, पहाटेची नमाज झाल्यावर, सूर्य उगवण्यापूर्वी.

साक्षीदार: (१) नसीम, सामनेवाल्यांची भाची, टेलिफोन खात्यात नोकरीस; (२) शंकर, कोर्टाच्या फाटकाजवळील चहावाला.

विषय: उभयतांमधील बोलणे आठ महिने बंद राहिल्याबाबत, आणि ते पुन्हा सुरू होण्याची वाट पाहण्यात अर्जदाराची चूक झाल्याबाबत.

बाई, हा आरंभ पाहून आपण चष्मा कपाळावर सरकवला असतात आणि म्हणाला असतात, "ताम्हाणे, मी वारले आहे, फरार झालेले नाही." पण मला दुसरा आरंभ येत नाही. एकतीस वर्षे मी लोकांचे म्हणणे कागदावर उतरवतो आहे. नाव, गाव, तारीख आणि साक्षीदार हे चार खांब उभे केल्याशिवाय माझ्या हातून पुढचे वाक्य निघत नाही. आपल्यातला वाद पहिल्या दिवसापासून याच खांबांवरून होता, आणि त्याचा निकाल लागण्याआधी एक पक्ष निघून गेला. अशा प्रकरणात कायदा काय म्हणतो ते मला सांगता येईल. मनाने काय करावे हे मात्र कोणत्याही कलमात सापडले नाही, म्हणून हे लेखन.

सहा वर्षांपूर्वी आपण माझ्या टेबलाशी आलात, आपल्या गल्लीतल्या नळाच्या तक्रारीसाठी. मी दोन पानी अर्ज टाइप करून दिला. आपण पिशवीतून लाल पेन्सिल काढली आणि उभ्याउभ्याच तो तपासू लागलात. माझ्या अर्जांवर तोवर मामलेदारांनी शेरे मारले होते, पण लाल पेन्सिल कोणी चालवली नव्हती. शंकर पेले विसळायचे थांबवून पाहत राहिला.

"भाषा जड आहे," आपण म्हणालात, "पण रचना उत्तम आहे. एक बाई आहे, तिच्यावर संकट आलं आहे. ती तीन दारं ठोठावते, तिन्ही दारांवरून तिला हाकलून देतात, आणि शेवटी ती राजासमोर उभी राहते. ताम्हाणे, तुम्ही परीकथा लिहिली आहे."

"बाई, हा महानगरपालिकेला अर्ज आहे."

"तेच म्हणते मी. राजा बदलला, बाकी सगळं तसंच."

मला हा अपमान वाटला होता. माझ्या अर्जात घर क्रमांक असतो, मागच्या अर्जाचा जावक क्रमांक असतो. परीकथेत काय असते? कोणे एके काळी, कोण्या एका गावात, कोणी एक राजा. असा कागद खिडकीवरूनच परत येईल, असे मी आपणास सुनावले. आपण अर्जाची घडी घालत म्हणालात, "म्हणून तर तो हजारो वर्षं फिरतो आहे. कुठल्याच खिडकीने जमा करून घेतला नाही, हे नशीब."

नळाला पाणी आले. ते सांगायला आपण खोबऱ्याच्या वड्या घेऊन आलात, तो दिवस मंगळवार होता. त्यानंतरचे मंगळवार आपलेच झाले.

आपले यजमान खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरीला होते, हे मला तेव्हा कळले. कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये एका भिंतीला मद्रासकडचे कुटुंब तर दुसऱ्या भिंतीला नेपाळचे. समोर बंगाली, मागे केरळी. शाळा सुटल्यावर आपण या दारांवरून फिरत असायचात आणि त्या घरांतल्या बायकांकडून गोष्टी उतरवून घ्यायचात. परदेशच्या गोष्टी आपणास छावणीतल्या जुन्या वाचनालयाने रद्दीत काढलेल्या पुस्तकांतून मिळाल्या. इंग्रजी आपण शब्दकोश मांडीवर घेऊन वाचत असायचात. शिकलेल्या माणसाने ही गोष्ट माझ्यासारख्या नववी शिकलेल्या माणसाला सांगू नये, पण आपण सांगितलीत, आणि त्या दिवशी मला आपल्याविषयी प्रथम विश्वास वाटला.

मंगळवारी दुपारी पक्षकारांची गर्दी ओसरली की आपण एकेका मुलखाची रीत सांगत बसायचात. तुर्कस्तानात गोष्टीला सुरुवात करताना "होतं, आणि नव्हतंही" असे म्हणतात. मी म्हणालो, असा साक्षीदार उलटतपासणीत पहिल्याच प्रश्नाला कोसळेल. आर्मेनियात गोष्ट संपली की आकाशातून तीन सफरचंदे पडतात. एक सांगणाऱ्याला, एक ऐकणाऱ्याला, तिसऱ्याचा वाटेकरी सांगणाऱ्यागणिक बदलतो. मी म्हणालो, तिसऱ्या सफरचंदावरून दिवाणी दावा उभा राहील आणि तो तीन पिढ्या चालेल. रशियात सांगणारा शेवटी म्हणतो की राजकन्येच्या लग्नाला मीही हजर होतो, मद्यही प्यालो, पण ते मिशांवरून ओघळून गेले, तोंडात थेंब पडला नाही.

"हा साक्षीदार मी ओळखतो," मी म्हणालो. "तो तिकडे पिंपळाच्या पारावर बसलेला असतो. चार पैसे मिळाले की कुठल्याही लग्नाला हजर होता असे सांगेल."

आपण इतक्या हसलात की बशीतला चहा पदरावर सांडला. मला तो दिवस माझ्या कारकिर्दीतल्या कोणत्याही निकालापेक्षा मोठा वाटतो, हे मी आपणास कधी सांगितले नाही. आता नोंद करून ठेवतो.

दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो, अशी समजूत आमच्या घरी होती. आपण म्हणालात की ती आपल्या घरीही होती.

"तुम्हाला मामा आहेत का हो, ताम्हाणे?"

"एक आहेत. बार्शीला."

"मग त्यांना पत्र टाका. मंगळवारी घराबाहेर पडू नका म्हणावं."

आणि मग, हसू ओसरल्यावर, आपण एक गोष्ट सांगितलीत ती मी विसरलो नाही. "श्रावणात आटपाट नगराची कहाणी ऐकताना तुमच्या बायका मुठीत तांदूळ धरतात; आमच्याकडे नवसाची कहाणी ऐकायला बसलेल्या बायका शेवटी गोडाचा घास घेतल्याशिवाय उठत नाहीत. गोष्ट ऐकणं हे रिकाम्या हाताचं काम नाही, हे दोघींनाही ठाऊक आहे. दोघींनी एकमेकींना कधी विचारलं मात्र नाही."

आमचा वाद, म्हणजे आपला आणि माझा, या सगळ्याखालून चालूच होता. मी म्हणत असे की पत्ता नसलेली गोष्ट अनाथ असते. आपण म्हणत असायचात की तिला पत्ता नाही म्हणूनच ती कोणाच्याही घरी राहू शकते. फक्त एकदा मला मुद्दा मिळाला. जोडा हरवलेल्या पोरक्या मुलीची गोष्ट, जी पुढे फ्रान्सच्या दरबारी लेखकांनी नटवली आणि जी आता आपल्याकडच्या पोरींनाही पाठ असते, ती फार पूर्वी, हजार वर्षांहून आधी, चीनमधल्या एका अधिकाऱ्याने लिहून ठेवली होती, असे आपण सांगितलेत. आणि त्याने खाली असेही लिहिले की ही गोष्ट मला माझ्या जुन्या नोकराने सांगितली, तो अमुक भागातला.

"पाहिलंत," मी म्हणालो, "अर्जनवीसच तो. सांगणाऱ्याचं नावगाव घेतल्याशिवाय सोडलं नाही."

"घेतलं. पण गोष्टीच्या खाली लिहिलं, गोष्टीत घुसवलं नाही. साक्षीदाराला गोष्टीच्या बाहेर बसवायचं असतं, ताम्हाणे."

बाई, हे वाक्य मी ऐकले आणि विजयाच्या आनंदात त्याच्याकडे लक्ष दिले नाही. पुढचे सगळे त्यातून झाले.

आपण जमवलेल्या गोष्टींचे पुस्तक करायचे ठरले तेव्हा टाइपिंगचे काम मीच मागून घेतले. कोर्टाच्या फाटकावर माझ्याइतके स्वच्छ मराठी टाइप करणारा दुसरा नाही, हे मी गर्वाने सांगत नाही, ते सर्वांना माहीत आहे. आपण वहीतून गोष्टी सुट्या कागदांवर उतरवून आणत असायचात आणि मी त्या आठवडाभरात करून ठेवत असे. आपली अट होती की सगळी पाने पूर्ण झाल्यावरच एकत्र वाचायची.

सुरुवात एका राजापासून झाली. "एका राजाला तीन मुली होत्या" एवढे टाइप केले आणि माझी बोटे थांबली. कोणता राजा? वडिलांचे नाव काय? मुली सज्ञान होत्या की अज्ञान? मी त्या राजाला वय दिले, पंचावन्न. व्यवसाय राज्यकारभार. मुलींची नावे वयाच्या क्रमाने लिहिली. दुसऱ्या गोष्टीतल्या चेटकिणीच्या नावापुढे "धंदा: जादूटोणा" असे लिहिल्यावर ती मला एकदम खरी वाटू लागली. बेडूक झालेल्या राजपुत्राचे लग्न लागते तिथे मी दोन साक्षीदार घातले, दोघेही सदाशिव पेठेतले, सुशिक्षित, निर्व्यसनी. मी यात फसवणूक करीत होतो असे मला एक क्षणही वाटले नाही. वाऱ्यावर पडलेल्या गोष्टींना मी घर मिळवून देतो आहे आणि आपण ते वाचून माझे आभार मानाल, अशी माझी समजूत होती.

मग डाळिंबाच्या झाडाची गोष्ट आली. खडकी बाजारात भाजी विकणाऱ्या एका बाईने ती आपणास सांगितली होती. दोन भाऊ व्यापाराला गेले असता घरी त्यांची बहीण आणि वहिनी राहतात. वहिनी नणंदेला मारून परसात पुरते आणि ती चार दिवसांसाठी मावशीकडे गेली असे सांगते. पुरल्या जागी डाळिंबाचे झाड उगवते. धाकटा भाऊ परत येतो, फळाला हात घालतो, आणि झाड बोलते: "हळू हात लाव, दादा. या फांदीत माझा हात आहे."

मी हे वाक्य टाइप केले नाही. झाड बोलू शकते असे घटकाभर मानले तरी ते शपथ घेऊ शकत नाही. त्याऐवजी मी शेजारचे दोन इसम आणले. त्यांनी सर्व प्रकार कुंपणाच्या फटीतून प्रत्यक्ष पाहिला, भाऊ परतताच जबाब दिला, वहिनीने गुन्हा कबूल केला. झाडही मी ठेवले. "घराच्या पश्चिमेस डाळिंबाचे एक झाड आहे," एवढेच.

आपण पाने वाचायला बसलात तो मंगळवार. सुरुवातीला आपण रागावला नाहीत, हे मला न्यायाने सांगितले पाहिजे. राजाचे वय वाचून आपण हसलात. चेटकिणीच्या धंद्यावर शंकरला हाक मारून ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवलेत. बेडकाच्या लग्नाशी येऊन म्हणालात, "सदाशिव पेठेतले दोघं दुसऱ्याच्या लग्नाला आले? जेवणाची वेळ कळवली असणार."

मग ते पान आले. आपण ते दोनदा वाचलेत.

"ताम्हाणे, झाड कुठे आहे?"

"आहे की. पश्चिमेस."

"बोलत का नाही ते?"

"गरज उरली नाही, बाई. दोन प्रत्यक्षदर्शी आहेत."

"ते दोघं कुंपणातून पाहत होते. मग त्यांनी तिला वाचवलं का नाही?"

मी सवयीने जुन्या निकालाचा दाखला काढला. मी म्हणालो की गोष्टी गोळा करणाऱ्या त्या दोन जर्मन भावांनी छापताना सख्ख्या आईची सावत्र आई केली, असे आपणच सांगितलेत. त्यांना जग नावाजते आणि मी दोन साक्षीदार घातले तर एवढा कहर का. आपण आवाज चढवला नाहीत. म्हणालात, "तिथे कोणी नव्हतं, म्हणून झाड बोलतं. जर्मनीत धनगराला सापडलेलं हाड बोलतं. स्कॉटलंडात बुडालेल्या मुलीच्या हाडांची वीणा करतात, ती बोलते. रशियात वेळूची बासरी, बंगालात फुलं. इतक्या मुलखांतल्या माणसांनी ठरवून एकच खोटं सांगितलं असेल का? जिथे माणूस साक्ष देत नाही, तिथे गोष्ट लाकडाला वाचा देते. आणि तुम्ही त्याला गप्प केलंत."

यावर मी जे बोललो त्याचा शब्दशः जबाब देतो, कारण शंकरने तो ऐकला आहे. मी म्हणालो, "बाई, आपण आयुष्यभर मुलांना खोटे शिकवलेत. आजवर कोणत्याही झाडाने साक्ष दिलेली नाही. झाड बोलेल या आशेवर पोरांना ठेवणे ही फसवणूक आहे."

आपण पाने एकत्र केलीत, काठ जुळवलेत, सुतळी बांधलीत, गठ्ठा पिशवीत टाकलात. "बरं," आपण म्हणालात, "मग पुढच्या मंगळवारी येत नाही." जणू काही दुधाचा रतीब बंद करायचा होता.

आठ महिने. मी वाट पाहिली ती अशी, की चूक आपली आहे आणि आपण येऊन ती मान्य कराल. मंगळवारी मी नेहमीपेक्षा अधिक मोठ्याने टाइप करीत असे. शंकरने एकदोनदा विचारले, "बाई दिसत नाहीत, भाऊ?" मी त्याला चहात साखर कमी आहे असे सांगितले.

एक गोष्ट कोणालाच ठाऊक नाही. साधारण पाच महिने उलटल्यावर एका दुपारी आपण समोरच्या बाजूला, उसाच्या रसाच्या गाड्यापाशी उभ्या होतात. हातात तीच पिशवी. आपण माझ्या टेबलाकडे पाहत होतात. मी मान खाली घातली आणि टाइप करू लागलो, अत्यंत गडबडीत असल्यासारखा. मी मान वर केली तेव्हा गाड्यापाशी कोणी नव्हते. बाई, त्या वेळी माझ्यासमोर पक्षकार नव्हता. यंत्रात कागदही नव्हता.

आपण गेल्याचे नसीमने कोर्टातल्या एका वकिलांच्या फोनवर कळवले. मी दफनाला आलो. मागे उभा होतो. सगळे पुढे होऊन मूठमूठ माती देत होते आणि मला रीत ठाऊक नव्हती, म्हणून मी हात मागे बांधून राहिलो. एक म्हातारे गृहस्थ माझ्याकडे वळून म्हणाले, "द्या ना. तीन मुठी. ओळखीचे होतात ना तुम्ही?" मी तीन मुठी दिल्या. 

आठवड्याने नसीमने मला घरी बोलावले. पुस्तक छापायचे तिने ठरवले आहे, आपल्या चाळिसाव्या दिवसापूर्वी मजकूर छापखान्यात द्यायचा आहे. मी मनात तयारी करून आलो होतो: माझी सगळी पाने फाडून टाकायची आणि मूळ मजकूर एका पैचाही विचार न करता पुन्हा टाइप करून द्यायचा. पण नसीमने माझ्यापुढे आपली जाड वही ठेवली, जी मी कधी पाहिली नव्हती. प्रत्येक गोष्टीखाली आपण रकाने आखले आहेत. सांगणाऱ्याचे नाव. वय. गाव. काम. कोणाकडून ऐकली. वेगळेपण. खडकीतल्या त्या भाजीवाल्या बाईचा सगळा तपशील तिथे आहे, तिच्या आत्याच्या गावासकट. म्हणजे माझे चारही खांब आपल्याकडे होते. आपण त्यांना फक्त गोष्टीच्या बाहेर उभे केले होते.

आणि डाळिंबाच्या गोष्टीनंतर, पुढच्याच पानावर, मी टाइप केलेले माझे पान खळीने चिकटवलेले होते. कुठेही लाल पेन्सिल नाही. खाली आपल्या अक्षरात रकाने भरलेले: "पाठ दुसरा. सांगणारा केशव बापूजी ताम्हाणे. वय चौपन्न. पुणे, कोर्टाचे फाटक. काम अर्ज लिहिणे."

मी ते रकाने पुन्हा एकदा वाचले. आपण मला चूक करणारा टंकलेखक धरले नव्हते. जसे नेपाळची बाई सांगते, बंगालची सांगते, तसा आणखी एक सांगणारा धरले होते. ही थट्टा आहे की सन्मान, हे मला आपल्या अक्षरावरून ठरवता आले नाही, आणि आपल्याकडून ते कधीच ठरवता येत नसे.

शेवटच्या, वेगळेपणाच्या रकान्यात दोन ओळी होत्या. "या पाठात झाड बोलत नाही. माझ्याकडे आलेल्या कोणत्याही मुलखाच्या पाठात असे नाही. कारण विचारायचे राहिले."

"शेवटची ओळ दिवाळीनंतरची असेल," नसीम म्हणाली. "शाई वेगळी आहे. खाला एकदा कोर्टाकडे जाऊन आली होती. म्हणाली, ताम्हाणे कामात होते." मग तिने मला पाणी दिले आणि म्हणाली, "काका, पान पुस्तकात नको असेल तर आपण काढून टाकू. कोणाला कळणार नाही."

आपला प्रश्न प्रलंबित आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो.

माझी थोरली बहीण शांता. खडकवासल्याच्या पलीकडे दिली होती. लग्नात सतरा वर्षांची होती, मी अकरा. दुसऱ्या वर्षी निरोप आला की विहिरीवर पाय घसरला. त्या विहिरीला चांगल्या रुंद पायऱ्या होत्या, आणि शांता आमच्या गावच्या डोहात आडवी पोहत असे. वडिलांनी मला बरोबर घेऊन, पुण्याला येऊन याच फाटकावर एका अर्जनवीसाकडून अर्ज लिहून घेतला. कचेरीतल्या साहेबांनी तो वाचला आणि विचारले, "कोणी पाहिलं का?" वडील म्हणाले, सगळं गाव तिथंच होतं. साहेब म्हणाले, "कोणी पाहिलं का, ते सांगा." अर्ज तिथे संपला.

परतताना वडील मला त्या विहिरीवर घेऊन गेले. काठावर एक उंबर होता. आमच्या आईने मला असल्या गोष्टी सांगितल्या होत्या, बाई. डाळिंबाची नव्हे, शेवंतीची होती, पण अशीच. मी उंबराची फांदी हातात धरली आणि थांबलो. वडील पुढे गेले, परत आले, काय करतोस म्हणाले. ऊन खाली उतरेपर्यंत मी ती फांदी सोडली नाही. झाड काही बोलले नाही.

त्यानंतर आईने गोष्ट सुरू केली की मी उठून जात असे. नववीनंतर शाळा सोडली आणि ज्यांनी तो अर्ज लिहिला त्यांच्याच टेबलाशी काम शिकायला बसलो. मला वाटत असे, त्या अर्जात काहीतरी कमी राहिले. नीट लिहिला असता तर दोन साक्षीदार उभे राहिले असते. ते दोन इसम मी बेचाळीस वर्षे शोधत होतो. आपल्या गोष्टीत परसाला कुंपण दिसले आणि मी त्यांना तिथे उभे केले. ते पाहत होते तर त्यांनी तिला वाचवले का नाही, हा आपला प्रश्न खरा आहे. त्या गावातल्या कोणालाच तो मी विचारू शकलो नव्हतो. आपण मला विचारलात, आणि मी आपणास खोटे ठरवले.

हे मी आपणास उसाच्या गाड्यापाशी रस्ता ओलांडून सांगायला हवे होते. आपण तेच विचारायला आला होतात.

आपला मूळ मजकूर मी आता एकही शब्द न घालता पुन्हा टाइप केला आहे. राजांची वये काढली, सदाशिव पेठेतले दोघे घरी गेले. डाळिंबाच्या गोष्टीत ते वाक्य आज सकाळी टाइप केले. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा बरोबर आले. शंकर म्हणाला, "भाऊ, डोळे खराब झालेत तुमचे, चष्मा बदला." मी त्याला होय म्हणालो. राहिला प्रश्न दुसऱ्या पाठाचा. नसीमने निर्णय माझ्यावर सोडला आहे आणि मी तो घेऊ शकत नाही, कारण ते पान माझे असले तरी वही आपली आहे.

तरी सामनेवाल्यांस विनंती की, वर दिलेले कारण खरे मानून ते वेगळेपणाच्या रकान्यात दाखल करून घ्यावे. त्याच पानावर "कोणाकडून ऐकली" हा रकाना आपण कोरा ठेवला आहे, तिथे आपले नाव लिहिण्याची अर्जदारास परवानगी द्यावी. आणि ज्या पाठात झाड बोलत नाही तो छापावा किंवा कसे, याबाबत चाळिसाव्यापूर्वी आदेश व्हावा. मुदतीत हरकत न आल्यास संमती आहे असे समजण्याचा कचेऱ्यांत प्रघात आहे. आपल्या बाबतीत अर्जदार तसे समजणार नाही. तो उत्तराची वाट पाहील. उत्तर लेखी यावे असा आग्रह नाही, आणि ते कोणामार्फतही आले तरी चालेल. आणणारा शपथ घेण्यास पात्र आहे की नाही, हे या वेळी विचारले जाणार नाही.

के. बा. ताम्हाणे
अर्जदार